पिशवीबंद पराक्रम

एकट्याने दूरचा प्रवास करणाऱ्या मनुष्याच्या ठिकाणी, तो मूळचा कितीही विनयशील असो, प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात एक विशिष्ट शौर्यभावना उत्पन्न होते, आणि तो जर सायकलवरून हिंडत असेल तर ती भावना पायांतून वर चढत चढत मस्तकात जाऊन स्थिर होते. आपण कोणी सामान्य प्रवासी नसून डोंगर, पाऊस, वारा आणि परकी लिपी या चतुरंग सैन्याशी एकाकी झुंज देत आलेले वीर आहोत, असे त्यास वाटू लागते. रस्त्याच्या कडेला उभा राहून केळे खातानादेखील तो काहीसा ऐतिहासिक चेहरा करतो. जपानच्या उत्तरेस होक्काइदो बेटावर सोया नावाचे भूशिर आहे आणि दक्षिणेस क्यूशू बेटाच्या टोकाला साता नावाचे. या दोहोंमधील मुलूख सायकलने पार करण्याचा परिपाठ तेथील हौशी लोकांत जुना असून त्यात कॉलेजातील विद्यार्थ्यांपासून सेवानिवृत्त गृहस्थांपर्यंत सर्व वयाची माणसे असतात, हे मला पुरेपूर ठाऊक होते. तरीही क्यूशूच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिलो तेव्हा माझी मुद्रा ऐतिहासिकच होती. ती उतरविण्याचे कार्य त्या देशाने पुढील काही दिवसांत अत्यंत सौजन्याने, वारंवार कमरेत वाकून, आणि प्रत्येक वेळी योग्य त्या पिशवीची तजवीज करून पार पाडले.

होन्शू आणि क्यूशू यांना विभागणारी कानमोनची सामुद्रधुनी अरुंद असली तरी इतिहासात तिचा मान मोठा. ११८५ साली याच पाण्यावर, दान-नो-उरा येथे, मिनामोतो घराण्याने तायरा घराण्याचा निःपात केला आणि त्या कल्लोळात एक बालसम्राट बुडून मेला. अशा रणभूमीवरून, किंवा अधिक काटेकोरपणे बोलायचे तर तिच्या खालून, आपण बेटांतर करणार या विचाराने मी सद्गदित झालो होतो. परंतु हे बेटांतर सायकलसह एका उद्वाहकात शिरून, बटण दाबून, पाताळात उतरून करावयाचे असते. १९५८ साली खुल्या झालेल्या या बोगद्यात मोटारींच्या रस्त्याच्या पोटात पादचाऱ्यांसाठी ७८० मीटर लांबीची निराळी वाट ठेवली आहे. पायी जाणारास ती निःशुल्क. सायकलवाल्याने मात्र २० येन एका पेटीत टाकावे, आणि सायकलवर न बसता ती हाताने ढकलत न्यावी, असा शिरस्ता. पेटीपाशी ना कारकून, ना पावतीपुस्तक. जकातनाका म्हटला की त्याच्याशी जी हुज्जत आपल्या मनात कायमची जोडलेली असते ती घालण्यास समोर कोणीच नसल्यामुळे मनुष्य निमूटपणे पैसे टाकतो आणि उगाचच ओशाळतो. मध्यावर यामागुची आणि फुकुओका या दोन प्रांतांची सरहद्द जमिनीवर रंगाने आखलेली आहे. तिच्यावर मी क्षणभर गंभीरपणे उभा राहिलो असता पांढरे बूट घातलेली काही वयोवृद्ध मंडळी हात झुलवीत माझ्या बाजूने गेली, पलीकडच्या टोकाला शिवून परत आली, आणि मी त्या रेषेचे छायाचित्र घेतो आहे तोच पुन्हा पलीकडे निघाली. मी आयुष्यात एकदा करीत असलेले समुद्रोल्लंघन त्यांच्या पचनाच्या व्यायामात मोडत होते.

क्यूशूच्या मधल्या मुलखाविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही. चढ होता, मग उतार होता, आणि उतारावर पाऊस होता. केळ्याविषयी मात्र लिहिले पाहिजे. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला तेव्हापासून त्या देशातील सार्वजनिक केरपेट्या पुष्कळ ठिकाणांहून हटविण्यात आल्या, आणि नागरिकांनी आपला केर आपल्या घरी न्यावा ही रीत पक्की झाली. ज्याचे घर चार हजार मैलांवर आहे त्याने काय करावे, याचा खुलासा कोठेही केलेला नाही. परिणामी ऐतिहासिक चेहऱ्याने खाल्लेल्या केळ्याची साल पिशवीत गुंडाळून, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून, कॅरिअरला बांधून, डोंगरांवर डोंगर ओलांडीत मुक्कामापर्यंत न्यावी लागते. अलेक्झांडरने अथवा मलिक अंबराने आपल्या मोहिमांत खरकटे सोबत वाहून नेल्याचा उल्लेख बखरींत आढळत नाही.

कागोशिमा शहर गाठले की समोरच्या उपसागरात साकुराजिमा दिसतो. १,११७ मीटर उंचीचा हा ज्वालामुखी जागृत असून शहराकडे पाहत दिवसभर धूर सोडीत बसतो, आणि शहर त्याच्याकडे पाहत आपली कामे करीत असते. पलीकडे नेणारी बोट पंधरा मिनिटांत पोचते. या पंधरा मिनिटांसाठीही बोटीवर ऊदोनचे, म्हणजे जाड शेवयांच्या गरम रश्शाचे, दुकान आहे. आणि नेहमीचे उतारू वाडगा घेऊन, शेवया मोठ्याने ओढून, रस्सा पिऊन, वाडगा परत करून, धक्का लागण्यापूर्वी तोंड पुसून तयार असतात. मला शेवटचा घोट आणि धक्का एकदमच लाभले, त्यामुळे रस्सा पोटात आणि शर्टावर अशा दोन्ही ठिकाणी समप्रमाणात पोचला.

त्या शर्टावर पुढे राख बसली. वारा कोणत्या दिशेने वाहत आहे यावर त्या भागात राख कोणाच्या वाट्याला येणार हे ठरते, आणि हवामानाच्या वार्तापत्रात त्याची रीतसर वर्दी दिली जाते; ती मी ऐकली असती तरी मला कळली नसती. काळसर करडी, बारीक, दातांखाली करकरणारी अशी ती राख चेनमध्ये, गिअरमध्ये, कानांत आणि पापण्यांत भरून पिठाच्या गिरणीवरील गड्यासारखा मी संध्याकाळी मुक्कामाच्या दारात उभा राहिलो. प्रलयातून वाचून आलेल्या मनुष्याकडे ज्या विस्मयाने पाहावे तसे कोणी आपल्याकडे पाहील अशी माझी अपेक्षा होती. घरच्या बाईंनी एक कुंचा दिला, अंगणाचा कोपरा दाखविला, आणि एक पिवळी पिशवी हातात ठेवली. कागोशिमाची नगरपालिका अशा पिवळ्या पिशव्या घरोघर वाटते. राख झाडावी, पिशवीत भरावी, तोंड बांधावे, नेमून दिलेल्या जागी ठेवावी, गाडी येऊन ती घेऊन जाते. आकाशातून राख पडणे हा आमच्या कल्पनेत महाप्रलयाचा पूर्वविधी आहे; तेथे तो आरोग्यखात्याच्या दप्तरातील एक बाब आहे. मी माझी राख झाडून भरली. ती पिशवीच्या तळाशी मूठभर दिसली. बाईंनी ती नम्रपणे पाहिली आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या तुडुंब भरलेल्या पिशव्यांच्या रांगेकडे त्यांची नजर किंचित वळली, इतकेच. सकाळी निघताना त्यांनी एक कोरी पिवळी पिशवी घडी करून माझ्या सामानात खोचली. ज्याला राख कशी झाडावी हे नीट येत नाही त्याच्याजवळ पिशवी तरी असावी, हा त्यांचा हेतू असावा.

त्या डोंगराविषयी थट्टेने लिहिताना हात जरा आवरावा लागतो. १९१४ सालच्या जानेवारीत झालेल्या उद्रेकात इतका लाव्हा वाहिला की साकुराजिमा आणि ओसुमी द्वीपकल्प यांच्यामधील समुद्र बुजून गेला आणि बेटाचे बेटपण संपले; मी सायकलवरून जो रस्ता ओलांडून ओसुमीत शिरलो तो त्या लाव्ह्यावरूनच जातो. कुरोकामी येथील देवळाची तोरी, म्हणजे तीन मीटर उंचीचे दगडी प्रवेशद्वार, एका दिवसात राखेत गडप झाले आणि आज त्याचा केवळ माथा जमिनीवर दिसतो. पुढील पिढ्यांस आठवण राहावी म्हणून ते उकरू नये, असा निर्णय त्या वेळीच झाला. याहून मला अधिक विचारात पाडले ते एका शाळेच्या आवारातील शिलालेखाने. उद्रेकापूर्वी भूकंपाचे धक्के बसू लागले तेव्हा गावच्या कारभाऱ्यांनी हवामानखात्याकडे पुन्हा पुन्हा पृच्छा केली, आणि साकुराजिमास धोका नाही असे उत्तर आले. त्या उत्तरावर विसंबून जे मागे राहिले त्यांतील काही जिवास मुकले. १९२४ साली गावाने शिळा उभारली, आणि रहिवाशांनी शास्त्रीय उपपत्तींवर भरवसा न ठेवता चिन्हे दिसताच निघण्याची तयारी करावी, असे तीवर कोरले. सरकारी उत्तरावरील नाराजी आम्हीही व्यक्त करतो, परंतु ती अर्जात अथवा वर्तमानपत्राच्या पत्रव्यवहारात. दगडात कोरून शाळेच्या अंगणात उभी करण्याइतके सातत्य आमच्या रागास नाही. त्याच गावची मुले आज डोक्यावर पिवळी शिरस्त्राणे घालून शाळेत जातात, आणि रस्त्याच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर आसऱ्यासाठी काँक्रीटच्या छपऱ्या आहेत. अशा एका छपरीत बसून मी केळे खाल्ले. चेहरा त्या दिवशी साधाच होता.

ओसुमीच्या दक्षिणेस वस्ती विरळ होत जाते, दुकाने संपतात, पेयांची स्वयंचलित यंत्रे तेवढी निर्मनुष्य वळणांवरदेखील दिवे लावून उभी असतात, आणि रस्ता अकारण वरखाली करू लागतो. या रस्त्याच्या अंती साता भूशिर आहे. अंती म्हणजे जवळजवळ अंती, कारण वाहनतळाशी वडाच्या कुळातील एका पारंब्यांच्या झाडापाशी सायकल ठेवून पुढील वाट पायी जावी लागते; उत्तर टोकापासून ज्या वाहनाने आणले त्यास अखेरच्या क्षणी बाहेर थांबवून स्वतः आत जाणे मला दरबारी रीतीचे वाटले, पण इलाज नव्हता. तेथेच ३१ अंश उत्तर अक्षांशाची खूण आहे. नकाशा काढून मी ती रेषा पश्चिमेकडे नेत गेलो तो ती चीन आणि तिबेट ओलांडून जवळजवळ आमच्या लुधियानावरून जाते असे आढळले. आणि ज्या गावी भारतातल्या सायकली घाऊक प्रमाणात तयार होतात त्या गावाच्या अक्षांशावर येण्यासाठी मी सायकलने एवढा द्राविडी प्राणायाम केला, ही गोष्ट लुधियानाच्या कोणाही व्यापाऱ्याच्या कानावर जाऊ नये अशी माझी इच्छा आहे.

बोगद्यातून आणि झाडीतून पुढे गेले की समुद्र दिसतो, आणि समोरच्या खडकावर दीपगृह. १८६६ साली चार परकी राष्ट्रांनी जपानकडून जो तहनामा लिहून घेतला त्यात दीपगृहे बांधण्याचे एक कलम होते. त्याअन्वये ब्रंटन नामक स्कॉटिश अभियंत्याच्या देखरेखीखाली येथील दिवा १८७१ मध्ये लागला. महायुद्धात तो नष्ट झाला, आणि आजचा मनोरा १९५० चा. येथे मी विजयाची मुद्रा धारण करणार तोच एका फलकाने माझे लक्ष वेधले. साता हे जपानचे दक्षिण टोक नव्हेच; ते केवळ चार मुख्य बेटांपुरते दक्षिण टोक. खुद्द जपान तेथून पुढे बेटाबेटांनी शेकडो मैल दक्षिणेस चालूच राहतो. शिवाय मुख्य बेटांची टोकेही दोन नसून चार मानतात: उत्तरेचे सोया, पूर्वेचे नोसाप्पु, पश्चिमेचे कोझाकिबाना आणि दक्षिणेचे साता. चारही ठिकाणी जाऊन आल्याचे पुरावे सादर करणारास तेथील नगरपालिकांकडून संयुक्त प्रशस्तिपत्र मिळते. माझ्याजवळ दोन टोके होती. निम्म्या प्रशस्तिपत्राची तरतूद नियमांत नाही.

हवा स्वच्छ असली की साताहून तानेगाशिमा बेट दिसते. गोवा घेऊन तेहतीस वर्षे झालेले पोर्तुगीज १५४३ साली एका चिनी जहाजातून भरकटत त्या बेटास लागले आणि त्यांच्या बंदुका जपानने प्रथमच पाहिल्या. जपानी लोहारांनी त्या पाहिल्या, उलगडल्या, आणि अल्पावधीत स्वतः घडविल्या. ओसाकाशेजारचे साकाई शहर तर बंदुकांच्या कारखानदारीसाठी प्रसिद्धीस आले. पुढे तोकुगावांच्या अमलात लढाया थांबल्या, मग परदेशी सायकली येऊ लागल्या, आणि लोखंडाची नळी सरळ कशी करावी हे ज्या गावास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते त्या गावाने सायकलींची दुरुस्ती आणि सुटे भाग यांच्या धंद्यात शिरकाव केला. शिमानो नावाचा कारखाना तेथलाच, १९२१ सालचा, आणि माझ्या सायकलच्या गिअरवर त्याचेच नाव होते. तेव्हा ज्या गिअरांनी मला येथवर ओढून आणले त्यांचा मूळपुरुष समोरच्या बेटावर उतरला होता. शस्त्रागारातून निघालेल्या विद्येचा एवढा निरुपद्रवी शेवट मला दुसरा ठाऊक नाही. माझ्या पायऱ्या चढण्याउतरण्याच्या गतीवरून तो किती निरुपद्रवी होता, हे तेथील कोणाच्याही ध्यानात आले असते.

परतीसाठी नेजिमे येथून लहानशी बोट धरली. ती उपसागराचे तोंड ओलांडून यामागावा बंदरास सोडते. समोर काइमोन पर्वत, ९२४ मीटर उंच आणि इतका सुबक की एवढ्या समप्रमाणतेचा संशय यावा. यामागावा हे निद्रिस्त बंदर पाहून कोणास खरे वाटणार नाही, परंतु गोव्याचा आणि जपानचा संबंध येथूनच सुरू झाला. कागोशिमाचा अंजिरो नावाचा मनुष्य हातून खून घडल्यामुळे १५४६च्या सुमारास येथून एका पोर्तुगीज जहाजावर पळाला, मलाक्कास फ्रान्सिस झेवियर यांना भेटला, गोव्यास गेला, तेथे त्याचा बाप्तिस्मा झाला, पाद्र्यांच्या विद्यालयात तो शिकला, आणि १५४९च्या एप्रिलात झेवियर यांचा वाटाड्या होऊन निघाला. मलाक्काहून पुढे त्यांना एका चिनी खलाशाचे जहाज मिळाले, ज्याला लोक उघडपणे चाचा म्हणत असत. १५ ऑगस्ट रोजी मंडळी कागोशिमास उतरली. म्हणजे सोबतीला खुनाचा आरोपी, नावाडी चाचा, प्रवास चार महिन्यांचा. आणि मी एकट्याने आलो म्हणून छाती फुगवीत होतो, तो ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या बोटीवर, पेयाच्या यंत्रातून निघालेला गरम मक्याच्या सूपचा डबा हातात धरून!

इबुसुकी तेथून जवळ. या गावच्या किनाऱ्यावर जमिनीखालून उष्णोदक वाहत असल्यामुळे वाळू तापलेली असते, आणि त्या वाळूत स्वतःस पुरून घेण्यासाठी दूरदूरहून लोक येतात. सुती झगा घालून, डोक्यास पंचा गुंडाळून मनुष्याने उताणे निजावयाचे आणि फावडे घेतलेल्या सेवकवर्गाने त्यास गळ्यापर्यंत वाळूखाली घालावयाचे, असा विधी आहे. आमच्याकडे समाधी घेणारास काळाचे बंधन नसते. तेथे दहा मिनिटे पुरेत असे सांगतात आणि भिंतीवर घड्याळ टांगलेले असते. माझ्या वाट्याला आलेल्या बाई वयस्कर असून त्यांचा फावड्यावरील हात बसलेला होता. त्यांनी माझ्या पोटऱ्यांकडे पाहिले, विचारले, “सायकल?” मी अभिमानाने मान डोलावली. “मग इथे जास्त लागेल,” असे म्हणून त्यांनी पोटऱ्यांवर दोन फावडी अधिक टाकली. संपूर्ण प्रवासात माझ्या पराक्रमाची कोणी मोजदाद केली असेल तर ती एवढीच. वाळूचे ओझे छातीवर आले, पायांच्या बोटांत नाडीचे ठोके ऐकू येऊ लागले, आणि उजवीडावीकडे पाहता येते तेवढे पाहिले तो पंचे गुंडाळलेली मस्तके ओळीने किनाऱ्यावर मांडलेली. त्यांतील दोन मस्तके बेसबॉलविषयी बोलत होती. एकांतप्रिय प्रवाशाची अशी सामुदायिक व्यवस्था लागल्यावर त्याच्या ठिकाणी अभिमान फार काळ टिकत नाही. सातव्या मिनिटास तो घामावाटे निघून गेला आणि दहाव्यास मी उठलो.

आता आगगाडी. जपानी रेल्वेत सायकल नेता येते, मात्र सायकल म्हणून नव्हे. ती सोडवून अथवा घडी घालून, संपूर्ण पिशवीत घालून, सामान या नात्याने न्यावी लागते. लांबी, रुंदी आणि उंची मिळून २५० सेंटिमीटरांच्या आत, वजन ३० किलोंच्या आत, आणि कोणताही अवयव बाहेर डोकावता कामा नये. स्थानकाच्या एका कोपऱ्यात मी चाके काढली, पायडल काढली, हँडल वळविले, शाळेतून परतणाऱ्या मुलींचा एक घोळका आदरयुक्त अंतरावरून हे शवविच्छेदन पाहत उभा राहिला, आणि ज्या वाहनाने मला देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास आणले ते काळ्या कापडाच्या गाठोड्यात परिणत झाले. फक्त सीट बाहेर राहिली. ती काढण्याचा पाना कोठे तरी होक्काइदोच्या वाटेवर माझ्या आधी निवृत्त झाला होता.

स्थानकाच्या कर्मचाऱ्यांनी नाही म्हटले नाही. त्यांनी मान किंचित कलती केली, दातांतून हळूच श्वास आत ओढला, आणि सीटकडे अशा दुःखाने पाहिले की जणू हा नियम त्यांच्याच हातून मोडला जात होता. फर्मानापेक्षा हे फार परिणामकारक असते. मी सामान धुंडाळू लागलो. केळ्यांच्या सालींची पिशवी निघाली, ती घाईने पुन्हा आत घातली. आणि मग साकुराजिमाच्या बाईंनी दिलेली पिवळी पिशवी हाती आली. ती सीटवर चढविली. कर्मचाऱ्यांनी खाली वाकून पिशवीवरील छापील मजकूर आरंभापासून अखेरपर्यंत वाचला. ज्वालामुखीच्या राखेसाठी दिलेल्या, शिवाय दुसऱ्या नगरपालिकेच्या, पिशवीचा रेल्वेच्या हद्दीत सीट झाकण्यासाठी वापर करता येतो किंवा कसे, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर बराच वेळ प्रलंबित होता. अखेर ते आत गेले, दोरीचा तुकडा घेऊन आले, पिशवीचे तोंड स्वतः सुबक गाठीने बांधले, दोन पावले मागे सरून पाहिले, आणि मला नमस्कार केला.

कागोशिमाकडे जाणाऱ्या त्या संथ गाडीत समोरच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी गाठोड्याकडे, मग पिवळ्या पिशवीकडे, मग माझ्याकडे पाहिले आणि यात काय आहे असे विचारले. माझ्या तुटपुंज्या जपानीत मी सांगितले, “सायकल.” त्यांनी विचार केला. “मोडली का?”

“नाही. चांगली आहे.”

“मग गाडीने का जाता?”

सोया, साता, तहनामे आणि अक्षांश हे सारे सांगण्याइतकी भाषा माझ्याजवळ नव्हती. मी नुसता हसलो. आजींना उत्तर मिळाले. त्यांनी पिशवीतून एक संत्रे काढून माझ्या हातात दिले, आणि शेजारच्या गृहस्थांना हळू आवाजात काही सांगितले; त्यांनी ते पलीकडच्या बाकावर पोचविले. थोड्याच वेळात डब्यातील सर्वांच्या नजरांत जी कोमल सहानुभूती दिसू लागली तिच्यावरून माझ्या ध्यानी आले की या परदेशी मनुष्याने सायकल विकत घेतली आहे, परंतु त्याला ती चालवता येत नाही, असे सर्वानुमते ठरले आहे. शेजारचे गृहस्थ सरकून जवळ आले. दोन्ही मुठी पुढे धरून, एक पाय जमिनीवरून उचलून, तोल कसा सांभाळावा हे त्यांनी मला सावकाश, दोनदा दाखविले, आणि नजर चाकाकडे नव्हे तर समोर ठेवावी, हे बोटाने डोळे दाखवून विशेष बजावले.